दिव्याखालचे तांदूळ

वावळ्याचं झाड पडलं तेव्हा वारा नव्हता. पाऊस जाऊनही बरेच दिवस झाले होते. घट बसले होते, पहिली माळ चढली होती, नंदादीप लावून मी नुकतीच स्वयंपाकघरात आले होते. तेवढ्यात मागच्या बाजूने, दमलेल्या माणसाने खाली बसताना सोडावा तसा एक लांब सुस्कारा ऐकू आला आणि खिडकीतला उजेड गेला. बघते तर खिडकीभर हिरवी पानं.

आमची हेमगिरी सोसायटी मुलुंडला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. तीन मजल्यांची जुनी इमारत, आम्ही तळमजल्यावर. मागे एक चिंचोळी गल्ली आणि गल्लीपलीकडे डोंगर थोपवून धरणारी उंच दगडी भिंत. त्या भिंतीच्या माथ्यावर हा वावळा उभा होता, सासऱ्यांनी लालबागची खोली सोडून इथे घर घेतलं त्याच्याही आधीपासून. आता तो भिंतीवरून गल्लीत ओणवा झाला होता. मुळं अर्धी वर, हवेत. शेंडा माझ्या खिडकीशी.

सोसायटीचे सेक्रेटरी राजेशभाऊ गल्लीत डोकावले, मोबाइलवर फोटो काढून आमच्या दाराशी आले.

“वहिनी, नशीब समजा. कसा अलगद टेकलाय बघा, काचसुद्धा फुटली नाही.”

“काढणार कधी?” मी विचारलं.

“दसऱ्यानंतर. झाडं तोडणारी माणसं नवरात्रासाठी गावाला गेलीत. आणि घाई कसली? पडलेलं झाड काय पुन्हा पडणार आहे?”

माझ्या मागून आमचे हे मोठ्याने हसले. “ऐकलंस ना नीलम? आता निवांत जप कर.”

माझा आवाज मुळातच बारीक, आणि उपासाच्या दिवसांत वाद घालायचा नाही हा माझा नेम.

आमच्यात घट एकदा बसले की उठेपर्यंत जागचे हलवत नाहीत. दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही. यंदा मी त्यावर आणखी एक नवस बोलले होते. जान्हवी, आमची एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं म्हणायचं, मागच्या वर्षीचं पाचव्या महिन्यातच गेलं होतं. यंदा आठवा लागला होता. मी देवीला म्हटलं होतं, हिची सुटका नीट होऊ दे, दिवा तेवतोय तोवर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही.

जान्हवीचा पलंग मागच्या खोलीत होता. तिथे थंड वाटतं म्हणून मीच लावून दिला होता. त्या खोलीची खिडकी गल्लीकडे उघडते.

दुसऱ्या दिवसापासून घरात बारीकसारीक कटकटी सुरू झाल्या. आधी वास. वावळ्याचं पान चुरगळलं तर उग्र, नकोसा दर्प येतो. तो सगळ्या घरात भरला. मी धूप वाढवला, कापूर वाढवला. धुपाच्या आतून तो वास वर यायचाच. मग बाथरूमचं दार. मध्येच अडकायला लागलं, लोटलं की जमिनीवर घासायचं. ह्यांनी तासून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासलं.

“लाकूड फुगलंय,” हे म्हणाले.

“पाऊस तर गेला.”

“अगं, दमट असतं आतून. तुला काय कळतंय सुतारकामातलं.”

मागच्या खोलीची कडी बसेना. कडीचं भोक आणि खिट्टी, दोघांची गाठ पडेना. मोरीच्या कोपऱ्यातली एक लादी पाय पडला की डबडब वाजायला लागली आणि तिच्या फटीतून पिवळसर पाणी यायला लागलं. पुसलं की तासाभरात पुन्हा. तिसऱ्या माळेला त्याच फटीतून मुंग्या निघाल्या. तोंडात पांढरी अंडी धरून, भिंतीच्या कडेकडेने, देवघरासमोरून, थेट पुढच्या दारातून बाहेर. मी त्यांच्या वाटेत साखर ठेवली. एकीनेही साखरेला तोंड लावलं नाही.

आणि झाड. पहिल्या दिवशी फांदी आणि खिडकीचं ग्रिल यांच्यामध्ये माझा हात जात होता. तिथूनच मी कावळ्याला घास ठेवला होता. तिसऱ्या माळेला हात जाईना, बोटं जेमतेम गेली. पंचमीला सकाळी दूध तापवायला आले तर दोन पानं ग्रिलच्या आत होती.

“अहो, हे झाड पुढे येतंय.”

“पानं सुकली की फांद्या खाली बसतात. साधी गोष्ट आहे.”

“पण सुकलीच नाहीत ना.”

खरंच सुकली नव्हती. काल तोडल्यासारखी तकतकीत होती.

जान्हवी पोटावर हात ठेवून दारात उभी होती. “आई, त्यालासुद्धा माहेरी यायचंय. एक खाट टाक माझ्या शेजारी.”

“शुभ बोल गं.”

“बरं बाई, शुभ बोलते. मुलगी झाली तर नाव वावळी ठेवू.”

ती हसली, मीही हसले. पण मग हळूच म्हणाली, “काल झोपेत वाटलं, पलंग कुणीतरी पायथ्याकडून उचलतंय. बाळ खूप फिरत होतं, त्यानेच असेल.”

“सासरी, अनयकडे जातेस का बोरिवलीला? दोन दिवस?”

“आठव्यात प्रवास नको असं तूच म्हणालीस. आणि तू चल, मग जाते. तुला इथे सोडून नाही जाणार मी.”

मी कशी जाणार होते?

दिव्याचं सांगायचं राहिलं. आमचा नंदादीप पितळी आहे, बसका, रुंद तोंडाचा. पाटावर तांदळाची रास घालून तिच्यावर ठेवायचा. दुसऱ्या माळेच्या सकाळी पाहिलं तर तेल मागच्या काठाशी जमा झालं होतं, भिंतीकडच्या बाजूला. पुढची वात कोरडी पडत चालली होती. रास नीट घातली नसेल म्हणून मी दिवा धरून मागच्या बाजूने चिमूटभर तांदूळ आत सरकवले. तेल सारखं झालं, ज्योत सरळ झाली. देवीला हात जोडले आणि विसरले.

तिसऱ्या माळेला पुन्हा तेच. पुन्हा तांदूळ सरकवले. चौथ्या माळेला, पंचमीला, षष्ठीला. आंघोळ, पूजा, माळ, आणि दिव्याखाली तांदूळ. इतकं अंगवळणी पडलं की तो पूजेतलाच एक उपचार झाला. दिवा सरळ असला की मला वाटायचं सगळं ठीक आहे. सेवेत खंड नाही, मग आणखी काय हवं?

सप्तमीला दुपारी जपाला बसले आणि माळ पुढे सरकेना. काहीतरी कमी होतं. कितीतरी वेळ कळेना काय ते. मग लक्षात आलं, टिपटिप थांबली होती. मागच्या दगडी भिंतीला खालच्या बाजूला ओळीने भोकं आहेत. डोंगरात मुरलेलं पाणी त्यांतून झिरपतं, दरवर्षी पार दिवाळीपर्यंत. त्या थेंबांच्या तालावर माझा जप चालतो, इतक्या वर्षांची सवय. आता मागे काहीच नव्हतं. नुसती शांतता, आणि मध्येच एखादी फांदी ग्रिलवर घासल्याचा आवाज.

मी खिडकीशी गेले, पानं बाजूला केली. भिंतीची भोकं कोरडी ठाक होती, चिखलाने बुजल्यासारखी. पण भिंत मधोमध पुढे आली होती. जान्हवीच्या पोटासारखी.

मी राजेशभाऊंना बोलावून घेतलं. ते आले, खिडकीतून वाकून पाहिलं.

“वहिनी, ती पहिल्यापासून तशीच आहे.”

“नव्हती हो.”

“तुम्ही कधी नीट बघितलं होतं का आधी? झाडामुळे आता लक्ष गेलं तुमचं. दसऱ्यानंतर इंजिनीअरला दाखवू, बस? उपासाने डोकं हलकं होतं, थोडं दूध घ्या.”

ते गेल्यावर हे माझ्यावर चिडले. “सगळ्या बिल्डिंगमध्ये हसं करून घेतेस. तुझी देवी आहे ना समोर बसलेली? मग विश्वास ठेव ना तिच्यावर.”

मला वाटलं, खरंच की. मी रोज तिच्यापुढे बसते आणि भितेही.

अष्टमीला सकाळी दिवा इतका कलला होता की तेल काठावरून पाटावर उतरलं होतं. मी तांदूळ घेतले, दिवा उचलून धरला आणि तांदळाकडे बघतच राहिले. मागच्या बाजूला माझ्या बोटाएवढा उंच बांध झाला होता, पुढे तांदूळ जवळपास नव्हतेच. मीच रोज चिमूट चिमूट घातलेले. दिवा सरळ होता तो माझ्यामुळे. घर सरळ नव्हतं.

मग घटाकडे नजर गेली. भोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य वीतभर वाढलं होतं. पिवळे कोवळे कोंब, आणि सगळेच्या सगळे पुढच्या दाराकडे झुकलेले. कोंब सरळच उगवतात, आभाळाकडे. खालची परडी कलली होती. पण त्या वेळी मला एवढंच दिसलं की देवीच्या पायाशी उगवलेलं सगळं दाराकडे तोंड करून उभं आहे. मुंग्यांसारखं.

मी तिला विचारलं, “जाऊ?” ज्योत सरळ होती. वावळ्याचा वास येत होता. मागच्या खोलीत जान्हवी कुशीवर वळली आणि पलंग करकरला.

ही एकटी जाणार नाही. मी जायचं तर दिव्याला सोडता येत नाही. दिवा न्यायचा तर घट हलतो, नवस मोडतो. आणि नवस हिच्यासाठीच आहे. दिवसभर मी त्याच एका चक्रात फिरत राहिले. दुपारी ह्यांना पुन्हा म्हटलं, वरच्या लोकांना सांगा, एक दिवस सगळेच बाहेर काढू. हे म्हणाले, “कोण ऐकणार आहे? मी तरी ऐकतोय का?”

ते मात्र खरं होतं. भिंतीच्या भीतीने कुणी जिना उतरणार नव्हतं. पण अष्टमीच्या आरतीला बोलावलं तर नाही कोण म्हणणार होतं?

तिन्हीसांजेला मी जान्हवीला म्हटलं, “चप्पल घाल, शाल घे, पुढे फाटकापाशी जाऊन बस. आज आरती बाहेर आहे.”

“बाहेर? आणि घट?”

“घट मी आणते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शाल घेऊन निघाली.

आधी मी काचेची चिमणी लावून दिवा उचलला. तो न्यायला उंबऱ्याशी आले तेव्हा पाय अडला. उंबऱ्याशी थांबून मी म्हटलं, मोडतेय गं, शिक्षा करायची तर मला कर, तिला नको. उजवा पाय आधी टाकला की डावा, आठवत नाही. फाटकाशी पाट मांडून त्यावर दिवा ठेवला, मग घट आणला, परडी आणली. आणि मग घंटा घेऊन जिना चढले. प्रत्येक दारासमोर घंटा वाजवली. “देवी खाली अंगणात आली आहे. आरतीला सगळे या. घरात कुणी राहू नका, आज सगळे हवेत.”

“अचानक?” राजेशभाऊ बनियनवरच दारात आले.

“तिची इच्छा.”

ते शर्ट घालायला वळले. पहिल्या मजल्यावरची मंजुळाताई हात पुसत आली. “अगं बाई, सांगायचं तरी आधी. डाळ-तांदूळ लावलेत कुकरला.”

“असू देत. चल.”

दुसऱ्या मजल्यावरच्या दीप्तीने सासऱ्यांना हात धरून उतरवलं, मागून त्यांची खुर्ची आणली. त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी ते जिना उतरत नाहीत. देवी अंगणात आलीय म्हटल्यावर स्वतःच काठी मागितली. मी वाटेत मोजत होते, कोण आलं, कोणाच्या खिडकीत अजून दिवा आहे. सगळे जमले. शेवटी हे आले, हात मागे बांधून, चेहऱ्यावर राग.

“घट हलवलास?” एवढंच म्हणाले. ह्यांचा आवाज कापत होता. मला तेव्हा कळलं, हे चेष्टा करतात पण ह्यांनाही त्या घटाचं भय आहे.

आरती सुरू झाली. गणपतीची, मग देवीची, मग शंकराची. टाळ्यांचा ठेका बसला. मी सगळ्यांचे चेहरे बघत होते आणि मागे कान देत होते. एक संपली की दुसरी धरत होते. लोकांना येतात तेवढ्या संपल्या, तेव्हा मी मला येणाऱ्या काढल्या, आईकडून आलेल्या, कुणालाच माहीत नसलेल्या. लोक नुसत्या टाळ्या वाजवत होते. टाळ्या हळू होत चालल्या.

“वहिनी, मंत्रपुष्पांजली घ्या आता,” राजेशभाऊ कानाशी म्हणाले. “मॅच आहे.”

वरून कुकरची शिट्टी झाली. मंजुळाताईने मान वर केली. पुन्हा शिट्टी. “झालं, करपतंय माझं. बघून येते गं पटकन.”

ती वळली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी आरतीचं ताट, पेटत्या निरांजनासकट, तिच्या हातात दिलं.

“आजची आरती तू धर. तुझा मान.”

हातात निरांजन असताना कोण पाय उचलणार? ती जागच्या जागी थांबली. डोळे वटारून माझ्याकडे बघितलं, दातांखालून म्हणाली, “तुझ्या देवीला माझाच कुकर सापडला का गं?” आणि ताट ओवाळायला लागली. दीप्ती फिस्सकन हसली.

तिच्या त्या हसण्यातच तो आवाज आला. पहिल्या दिवसासारखा सुस्कारा, पण या वेळी तो संपेना. जमिनीतून तळपायांत आला. मग दगडावर दगड, मग काचा, मग काहीतरी खूप मोठं आणि मऊ खाली बसल्यासारखं. इमारतीतले दिवे एकदम गेले. पुढच्या दारातून धुळीचा लोट बाहेर आला आणि त्याच्याबरोबर वावळ्याचा वास.

जान्हवीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. दुसरा हात पोटावर होता.

“फिरतंय,” ती कुजबुजली. “आई, फिरतंय बाळ.”

हे दारापर्यंत धावले. मोबाइलच्या उजेडात आत बघून तिथेच थबकले. मीही मागून पाहिलं. पुढची खोली होती. देवघराची रिकामी जागा होती. मागच्या खोलीचं दार होतं तिथे लाल माती होती, उतरत आलेली, ओली, आणि मातीतून वावळ्याची एक फांदी घरात हात घालून होती. पलंगाचा एक पाय तेवढा दिसत होता. पानं अजून हिरवी होती.

वर काळोखात कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मंजुळाताईच्या हातात ताट तसंच होतं. निरांजन विझलं नव्हतं. ती जिन्याकडे बघत होती, आणि मग माझ्याकडे.

“तुला कसं कळलं गं?” राजेशभाऊंनी विचारलं. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं. त्यांनाही कळलं नसेल.

मी उत्तर देणार होते. देवी म्हणणार होते की तांदूळ, मलाच ठाऊक नव्हतं. फोन लागले होते, कुणी अग्निशमन दलाला, कुणी नातेवाइकांना. हे परत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. घटाला हात जोडले. बायका खाली बसल्या. दीप्तीचे सासरे खुर्चीतून म्हणत होते, वाचलो, आता वाचलो, बाहेर आहोत ना सगळे.

मी दिव्याशी बसले. इतक्या गोंधळात तो तेवत होता. वात जरा सारावी म्हणून चिमणी काढली. अंगणात फरशी आहे, पाणसळ लावून अगदी सपाट बसवलेली. गेल्याच वर्षी राजेशभाऊंनी उभं राहून करून घेतली. दिव्याखाली तांदूळ नव्हते, घाईत आणलेच नव्हते.

तेल मागच्या काठाशी जमा झालं होतं. इमारतीच्या बाजूला. माझ्या डोळ्यांदेखत पुढची वात कोरडी होत गेली.

मी उठले. दिवा हातात घेतला. जान्हवीच्या पाठीवर दुसरा हात ठेवला.

“चला,” मी म्हटलं. आवाज चढवला नाही, तो चढतच नाही माझा. “अजून पुढे जाऊ. रस्ता ओलांडून.”

कुणी का म्हणून विचारलं नाही. ह्यांनी वाकून घट उचलला, मंजुळाताईने ताट छातीशी धरलं, राजेशभाऊंनी दीप्तीच्या सासऱ्यांना हात देऊन त्यांची खुर्ची उचलली, आणि सगळे माझ्या मागोमाग फाटकाबाहेर निघाले.